दाजींची काळी गच्ची

निरोप आला तेव्हा मी दुसऱ्याच्याच छतावर होतो. एका गोदामाच्या स्लॅबवर डांबरी फेल्ट, म्हणजे गळती अडवणारा जाड काळा कागद, बसवायचं काम चाललं होतं. खाली पिंपात डांबर उकळत होतं, गडी बादल्या भरभरून ते वर चढवत होते आणि ओतलेल्या डांबरावर एक रोल अर्धा उलगडून झाला होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, शेजारी राहणारा विणकर नरसय्या सायकल भिंतीला टेकवून शिडीने वर आला. "शंकरराव, चला. तुमचे दाजी गेले," एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग रोलकडे पाहिलं. डांबर निवलं की फेल्ट चिकटत नाही, अर्धा सोडलेला रोल वाया जातो. "एवढा होऊ दे," मी गड्यांना म्हणालो आणि तो रोल पलीकडच्या कठड्याला लागेपर्यंत तिथंच उभा राहिलो. नरसय्या माझ्याकडे बघत होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दाजींबद्दल चार शब्द लिहावेत असं मनात आलं ते त्यांची थोरवी सांगायला नव्हे. भगवानराव हे काही कुणाला ठाऊक असलेलं नाव नाही. वैराग भागातल्या एका खेड्यातून ते तरुणपणी सोलापुरात आले आणि गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात लागले. तिथल्या कापसाच्या धुरळ्यात उभा जन्म काढला. केसांत, भुवयांत पांढरं भुसकट घेऊन ते घरी यायचे, तेव्हा आक्का त्यांना दारातच अडवून झटकायची. तोच धुरळा पुढे छातीत बसला. चार पावलं चालले की धाप लागायची आणि बंद खोलीत तर जीव घुसमटायचा. वेळेआधीच गिरणीतली नोकरी सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, मोकळ्या हवेत राहा. गिरणीतून आलेल्या माणसाने मोकळी हवा आणायची कुठून? पण दाजींकडे ती होती. गावाबाहेरच्या वस्तीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, वर स्लॅब टाकली होती, आणि ती गच्ची हेच त्यांचं खरं घर होतं.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. दिवस मावळला की अख्खी वस्ती वर चढते. दाजी मात्र संक्रांतीपासूनच वर निजायला लागत, ते पाऊस येईपर्यंत. अंथरूण डोक्यावर घेऊन, जिन्यात दोनदा थांबून ते वर जात. पोचले की आधी पलीकडच्या गच्चीकडे हाळी. "ए नरसय्या, आज माग गप का रं? बायकोनं जेवाय घातलं न्हाय व्हय?" नरसय्या तिकडून तेलुगूत काहीतरी सणसणीत बोलायचा, दाजींना ते कळायचं नाही, आणि कळलं नाही म्हणूनच ते जास्त हसायचे. हसता हसता खोकला यायचा. मग हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर यायचा. मी कधीमधी त्यांच्याकडे मुक्कामाला असे, तेव्हा शेजारी पडून तो ऐकलेला आहे. खालच्या खोलीत शिट्टीसारखा वाजणारा श्वास वर आभाळाखाली साध्या माणसासारखा चालायचा.

गच्ची गळायला लागली ती मात्र त्यांच्याच हट्टाने. गावाकडे माळवदावर, मातीच्या सपाट छतावर, दरवर्षी पांढरी माती पसरतात, तशी यांनी सिमेंटच्या स्लॅबवर पसरली. ती माती पाणी धरून राहिली, आत सळया गंजल्या आणि एक दिवस चुलीजवळ छताचा पोपडा पडला. आक्का नुकतीच तिथून उठली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "आज पोपडा पडला, उद्या छत पडंल. तू लोकांची छतं करतूस, माझं कर की." मी बघायला गेलो, तर दाजी म्हणाले, "अजून एक गाडी माती आणतो. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं."

"दाजी, तुमच्या मातीनंच हे झालंय."

"म्हंजे गुन्हेगार आमीच व्हय? घ्या पाव्हणं, न्या पोलिसात," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

खरी निवड मी केली. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला असता, तर त्यावर खाट टाकून खुशाल निजता आलं असतं. पण कोबा मुरायला वाफे बांधून कित्येक दिवस पाणी साठवावं लागतं, आणि यंदाचं वर्ष दुष्काळाचं. आक्का एका घागरीसाठी नळावर अर्धा दिवस उभी राहायची. तिथं छताला पाणी पाजायचं म्हटलं असतं तर वस्तीनं दगड मारले असते. फेल्टला पाण्याचा थेंब लागत नाही. स्लॅब झाडून घ्यायची, ऊन डांबर ओतायचं, त्यावर रोल उलगडायचा, सांध्याला एकाची कड दुसऱ्यावर चढवायची. एका दिवसात काम होतं. गोदामांवर मी हाच एकेरी थर घालत आलो होतो. गोदामात माणसं निजत नाहीत, सुताची गाठोडी असतात. हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. काळं फेल्ट ऊन पितं आणि ते खाली उतरवतं. म्हणूनच राहत्या घरावर वरून शहाबादी फरशी टाकतात, निदान चुना तरी मारतात. मी आक्काला तसा शब्दही दिला होता. आधी छत बंद करू, फरशी मागाहून टाकू.

काम चाललं होतं तेव्हा दाजी जिन्याच्या दारात बसले होते, नाकाला पंचा लावून. डांबराचा धूर त्यांना सोसत नव्हता, तरी उठले नाहीत. फेल्ट पुरं झालं तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, घराला घोंगडं घातलंसा. थंडीचं बरं हाय. उन्हाळ्यात काढता येतंय का?" गडी हसले. मीही हसलो. आता वाटतं, त्यांनी विचारायचं ते विचारून घेतलं होतं... फक्त हसत विचारलं, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

मग मी त्यांना बजावलं. उन्हात डांबर मऊ पडतं, खाटेचे पाय आरपार जातात, चालण्यानेही फेल्ट सरकतं. फरशी होईतो गच्चीवर पाय ठेवायचा नाही. दाजी कुणाचं ऐकणारे नव्हते. डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू ते डॉक्टरांच्याच दारात मळायचे. म्हणून मी मुद्दाम भीती घातली. म्हणालो, "तुमचा एक पाय पडला की भोक. भोक पडलं की पाणी. आणि या खेपेला पडेल ते आक्काच्या डोक्यावर पडेल. मग मला बोलू नका." दाजींचं हसू गेलं. "निजायचं कुटं मग?" त्यांनी विचारलं. "खाली. थोडे दिवस," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. जिन्याच्या दाराला मी कुलूप घातलं नाही.

पुढं गोदामाचं काम आलं, मग अजून एक. दुष्काळात बांधकामं थांबलेली, हातात आलेलं काम सोडवत नव्हतं. फरशीचं राहिलं. मधे एकदा भर दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो होतो. भांड्यातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं. दाजी उघड्या अंगाने भुईवर बसून पंख्यासारखा पुठ्ठा हलवत होते. मी म्हणालो, "यंदा ऊन फार आहे." छताकडे मी पाहिलं नाही.

शेवटची भेट माझ्या कामावर झाली. एवढ्या लांब ते चालत आले होते. भिंतीच्या सावलीत उभं राहून त्यांनी आधी बराच वेळ श्वास गोळा केला. मी गोदामाच्या मालकाशी बोलत होतो. मालक गेल्यावर म्हणाले, "पाव्हणं, फरशीचं कसं?"

"दाजी, मी काय रिकामा बसलोय का? टाकतो म्हटलं ना!"

"न्हाय, गडबड न्हाय. सहज इचारलं." पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "मग तोवर चुना मारू का? मी हळूच मारतो. जरा पांढरं दिसंल, बरं वाटंल."

चुन्याने खोली निवली असती. मी तो मारायला एक गडी अर्ध्या दिवसासाठी पाठवू शकलो असतो. पण गडी ऐकत होते आणि मला राग आला होता. कसला राग, ते आता कळतंय. "वर जायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" मी म्हणालो.

"व्हय व्हय. चुकलंच," दाजी म्हणाले. माठातलं पाणी घोटभर प्याले आणि पंचा डोक्यावर टाकून उन्हात निघून गेले. बसा, असंही मी म्हटलं नाही.

नंतर आठवडाभरातच ते गेले. आक्का नळावर रांगेत होती. उन्हं कलताना घागर घेऊन आली, तर दाजी भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच गेलेली होती, उष्णता सोसली नाही. भेटायला येणारे म्हणाले, यंदाच्या उन्हाळ्यानं कितीजण नेले. मला कुणी बोल लावला नाही. आक्का तर म्हणाली, "तू तरी काय करणार? छत पक्कं केलंस, तेवढं बरं झालं." हे वाक्य मी रोज ऐकतो.

तेराव्यानंतर एक दिवस मी त्या गच्चीवर गेलो. फरशीची मापं घ्यायला आलोय, असं आक्काला सांगितलं. खरं म्हणजे मी ठसे शोधायला गेलो होतो. या दिवसांत डांबर इतकं मऊ असतं की कावळा बसला तरी नखं उमटतात. कुठंतरी खाटेच्या पायांचे खड्डे दिसतील, अंथरूण चिकटल्याची खूण दिसेल, माझं न ऐकता ते चार रात्री तरी वर निजले असतील, अशी माझी आशा होती. एवढ्या हट्टी माणसाने तेवढं नक्की केलं असेल. मी वाकून, सांध्यासांध्यातून पाहत कठड्यापर्यंत गेलो. कावळ्यांची नखं होती. माझे स्वतःचे पाय उमटत होते. बाकी फेल्ट जसं घातलं होतं तसंच होतं.

परत फिरलो तेव्हा जिन्याच्या दाराशी, आतल्या बाजूला, भिंतीच्या चुन्यावर एक काळपट तेलकट डाग दिसला. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर. आक्का खालच्या पायरीवर उभी होती.

"तितं बसायचे," ती म्हणाली. "झोप न्हाय आली की दार उघडून बसायचे, उंबऱ्याच्या आत. मी म्हणायची, जावा की पुढं, कोण बघतंय? तर म्हणायचे, नगं, पाव्हण्यानं सांगितलंय. तुज्या डोक्यावर पडंल."

ती खाली गेली. मी त्या वरच्या पायरीवर बसलो. जागा अगदी चिंचोळी आहे. गुडघे पोटाशी ओढून घ्यावे लागतात, नाहीतर टाचा फेल्टवर जातात. डोकं मागे टेकलं, ते त्या डागावरच टेकलं. बाहेर संध्याकाळ होत होती, नरसय्याच्या गच्चीवर कुणीतरी अंथरूण झटकत होतं. मी तिथं अंधार पडेपर्यंत बसलो. वारा येतो तिथं... येतो, पण अंगाच्या एकाच बाजूला.