व्याह्यांच्या घरचा माग

माझं माहेर वडगावचं आणि सासर शहापूरचं. मध्ये भाताची शेतं आणि एक जकात नाका, पायी अर्ध्या तासाची वाट. लग्नाची वरात चालतच आली होती. पण वडगाव एका संस्थानात होतं, शहापूर दुसऱ्यात, आणि शहापूरच्या पेठेतून बाहेर पडून बेळगावात पाऊल टाकलं की इंग्रजांचा मुलूख सुरू व्हायचा. लहानपणी याचं काही वाटत नसे. हळदीकुंकवाला जाताना आपण राज्य ओलांडतो आहोत, हे कुणाच्या मनातही यायचं नाही. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, सुतावर कंट्रोल आलं, आणि मग मात्र आपण कुणाच्या राज्यात बसून विणतो हे रोज लक्षात ठेवावं लागलं.

दोन्ही घरं विणकरांची. वडगावला दोन माग होते, एक माझ्या वडिलांचा आणि एक धाकट्या भावाचा. सासरी एकच, त्यावर माझे सासरे लुगडी विणत. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. मामंजींच्या काठाला पेठेत मान होता. व्यापारी घरी येऊन बसत आणि लुगडं कधी उतरणार ते विचारून जात. मामंजी फार बोलत नसत. विणताना तर नाहीच.

कंट्रोल आल्यावर दवंडी पिटली गेली की सूत यापुढे बाजारात मिळणार नाही, प्रत्येक मागाला कार्ड मिळेल आणि त्या कार्डावर सूत मिळेल. मागांची मोजणी व्हायची होती. ती होईपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात आमच्याकडचं सूत संपलं. शेवटचं लुगडं उतरलं, माग रिकामा झाला, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मोजणीवाले आमच्या दारात आले. दोघं होते. एकाने वाकून खड्ड्यात बघितलं, दुसऱ्याने वहीत लिहिलं. मामंजींनी विचारलं, काय लिहिलंत? तो म्हणाला, माग बंद आहे असं लिहिलं.

सूत नाही म्हणून माग बंद आहे, हे मामंजींनी त्यांना समजावून सांगितलं. ते दोघं वाईट माणसं नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी प्याले. मग वहीत लिहिणारा कारकून म्हणाला, ‘‘आम्हाला चालू माग मोजायला सांगितलंय, आजोबा. बंद मागाला कार्ड मिळत न्हाय.’’

मी मराठी चौथी पास होते. त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. किती अर्ज लिहिले ते आता आठवत नाही. एकाला उत्तर आलं की पंचांचा दाखला जोडा. जोडला. मग उत्तर आलं की मोजणी पूर्ण झाली आहे, पुढच्या मोजणीची वाट पाहा. पुढची मोजणी कधी, हे कचेरीतही कुणाला माहीत नव्हतं. मामंजी दर सोमवारी कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसत आणि दुपारी परत येत. हात धुऊन जेवायला बसायचे. रेशनचा जोंधळा खड्यांनी भरलेला असायचा, दाताखाली कचकच वाजायचा.

माझे मालक तोवर बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागले होते. त्यांना विणता येत होतं, पण जीव त्यात कधी नव्हता. गोदामातून आले की ते भिंतीला टेकून बसत आणि तसेच झोपी जात. रिकाम्या मागावर मी वाळलेले कपडे टाकायला लागले. एकदा मामंजींनी ते कपडे उचलून माझ्या हातात दिले. मी पुन्हा टाकले नाहीत.

अशात वडगावहून आप्पा आले, म्हणजे माझे वडील. धाकटा भाऊ पलटणीत भरती झाला होता. त्याच्या मागाचं कार्ड होतं, सूतही येत होतं, पण बसायला माणूस नव्हतं. महिनाभर माग बंद राहिला तर कार्ड रद्द होणार होतं. आप्पांनी तिकडच्या कचेरीत विचारून बघितलं होतं, की हे सूत शहापूरला व्याह्यांना दिलं तर चालेल का. सूत नाक्याबाहेर नेलं तर जप्त होईल आणि तुम्हालाही आत घालतील, असं उत्तर मिळालं होतं. आप्पा आमच्या ओट्यावर उभ्याउभ्याच हे सांगत होते. इकडे हात होते आणि सूत नव्हतं, तिकडे सूत होतं आणि हात नव्हते. एवढं सांगून आप्पा निघून गेले.

दोन दिवस मामंजी नेहमीसारखेच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला भाकरी बांधून द्यायला सांगितली. मला वाटलं कचेरीत निघालेत. म्हणाले, ‘‘सूत नाक्यावरनं आणू देत न्हाईत. मला कोण अडवतंय?’’

हे काय होतं ते आजच्या मुलींना सांगायला हवं. व्याही मुलीच्या माहेरी येतो तेव्हा त्याच्या पायांवर पाणी घालतात. घोंगडं अंथरतात, पुरणाचं जेवण करतात, निघताना टोपी आणि पंचा देतात. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मामंजी तीनदाच वडगावला गेले होते, तिन्ही वेळा बोलावणं आल्यावर. आता ते रोज सकाळी भाकरी बांधून तिथे मागावर बसायला निघाले होते. मालकांना आवडलं नाही. त्यांनी बापाला तोंडावर काही म्हटलं नाही, मला म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांनी सूत द्यावं.

पहिल्या दिवशी काय झालं ते आईने मला नंतर सांगितलं. तिने घोंगडं अंथरलं होतं, पाण्याची घागर दारात ठेवली होती, गूळ काढला होता. मामंजींनी दारातल्या घागरीतून आपले पाय आपणच धुतले, घोंगडं ओलांडलं आणि सरळ खड्ड्यात उतरले. दुपारी फडक्यात बांधलेली आपली भाकरी सोडून खाल्ली. आईने वाढलेली भाजी घेतली नाही. चार दिवसांनी ती रडायलाच लागली, तेव्हा घेतली. मजुरी द्यायची कशी आणि कुणी, हा आप्पांना मोठाच प्रश्न पडला. शेवटी ती माझ्या हाती यायला लागली. मी पेटीत ठेवायची आणि मामंजींना सांगायची नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. घरात ज्वारी कुठून येते ते त्यांना कळत असणारच.

असं वर्षभर चाललं. पावसाळ्यात बांधावरून चिखल तुडवत ते जायचे, उन्हाळ्यात टॉवेल डोक्यावर घेऊन. नाक्यावरचा माणूस आधी त्यांची पिशवी उघडून बघायचा, मग बघेनासा झाला. ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावायला पीठ लागतं, आणि खळीसाठी वेगळं पीठ कुणी देत नव्हतं. आई रेशनच्या पिठातलं काढून ठेवायची. खळीच्या दिवशी त्या घरात सगळे आंबील पिऊन राहायचे, आणि मामंजी आपली भाकरी परत बांधून आणायचे. भूक नव्हती म्हणायचे.

एकदा आईला ताप आला म्हणून मी आठ दिवस माहेरी होते, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायला. त्या आठवड्यातच तिकडच्या कचेरीचा एक अंमलदार तपासणीला आला. कार्ड ज्याच्या नावावर आहे तो पलटणीत गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. नियम असा होता की घरातलं दुसरं माणूस किंवा गावातलाच पगारी गडी मागावर बसला तर कार्ड चालू राहील. बाहेरच्या संस्थानातला माणूस चालणार नाही, कारण इकडचं सूत इकडच्याच लोकांसाठी आहे. हे त्याने दारातच वाचून दाखवलं. आप्पांचा चेहरा उतरला. मी कांडी हातात धरून चरख्यापाशी बसून राहिले.

अंमलदार मागापाशी गेला आणि मामंजींना विचारलं, तुम्ही या घरचे कोण.

मामंजींनी धोटा थांबवला. ते आप्पांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. विणून झालेल्या काठावर त्यांचा हात होता.

‘‘गडी हाय मी,’’ ते म्हणाले. ‘‘ह्या घरचा गडी.’’

गाव विचारलं तर म्हणाले, हितलंच. नाव त्यांनी खरं सांगितलं. अंमलदाराने लिहून घेतलं, कार्डावर शिक्का मारला आणि तो शेजारच्या घरी गेला. मामंजींनी धोटा पुन्हा फेकला. आप्पा परसात गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

त्या संध्याकाळी मी मामंजींबरोबरच शहापूरला आले. आईचा ताप उतरला होता. बांधावरून ते पुढे चालत होते आणि मी मागे. नाका ओलांडल्यावर ते थांबले. म्हणाले, ‘‘त्याला सांगू नको, पोरी.’’ त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. मामंजी वारल्यावरच मी मालकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी मागावर गेले नाहीत, पाय दुखतो म्हणाले. दुपारी आप्पाच आमच्याकडे आले. आमच्यात बाप मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. इतक्या वर्षांत आप्पांनी माझ्या घरी चूळदेखील भरली नव्हती. ते आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, ‘‘पोरी, भाकरी वाढ. पावण्यांचं ताट माझ्याशेजारी मांड.’’

कालवण म्हणजे नुसती आमटी होती. दोघं शेजारी बसून जेवले. मामंजी आपल्या ताटातून मान वर करत नव्हते. हात धुतल्यावर आप्पा म्हणाले, उद्या येताय न्हवं, आणि मामंजी म्हणाले, व्हय.

लढाई संपली, भाऊ परत आला आणि त्याच्या मागावर बसला. कंट्रोल मात्र तसंच राहिलं. पुढच्या वर्षी आमच्याकडे नव्या मोजणीची दवंडी पिटली गेली. यावेळी मामंजींनी पेठेत घरोघर जाऊन मागावरून कापून टाकलेले सुताचे तुकडे मागून आणले. चार दिवस आम्ही दोघं ते गाठी मारून जोडत बसलो. त्या गाठींचा ताणा मागावर चढवला. मोजणीवाले आले तेव्हा मामंजी विणत होते. विणत कसले, दोन धागे टाकायचे आणि तुटलेलं जोडायचं. वहीत ‘चालू’ असं लिहिलं गेलं. माणसं आता वेगळी होती.

कार्ड यायला आणखी पाच महिने लागले. त्यावर जे सूत मिळालं ते जाडं होतं, पंचे आणि चादरी विणायचं. लुगड्याचं बारीक सूत आमच्या वाट्याला आलंच नाही. मामंजींनी ते लडीतून दोन बोटांत घेऊन बघितलं आणि मागाची फणी बदलायला घेतली. पण आता त्यांचे गुडघे धरले होते. खड्ड्यात उतरलं की वर येता येत नसे, आणि संध्याकाळी धागा दिसत नसे. मालक कॅम्पातल्या नोकरीत कायम झाले होते, त्यांनी माग नको म्हणून सांगितलं. माग महिनाभर बंद पडला की कार्ड जाणार होतं. नियम तोच होता.

म्हणून मी बसले. आमच्या पेठेत तेव्हा बायका कांड्या भरायच्या, ताणा करायच्या, पण मागावर बसायच्या नाहीत. शेजारणी दारातून बघून जायच्या. मामंजी खड्ड्याच्या काठाशी पाट घेऊन बसत आणि कुठला पाय कधी दाबायचा ते सांगत. माझा काठ सरळ यायला तीन महिने लागले. त्यांनी तेव्हा चांगलं म्हटलं नाही, फक्त पुढचं सूत भिजत घालायला सांगितलं.

त्या पावसाळ्यात इंग्रज गेले, बेळगावात स्वातंत्र्याचा झेंडा लागला. पेठेतली माणसं बघायला गेली, मालकही गेले आणि येताना पेढा घेऊन आले. मामंजींनी तो अर्धा खाल्ला आणि मला विचारलं, सुताची कचेरी आता दुसरीकडं जाणार काय. मी म्हटलं, तसं काही ऐकलं नाही. ते म्हणाले, मग सोमवारी जाऊन ये, या खेपेचं सूत अजून आलं न्हाय.

सोमवारी मी कार्ड पदरात बांधून गेले. ओट्यावर बरीच माणसं बसली होती. मला बघून एका म्हाताऱ्याने थोडं सरकून जागा दिली.