राजाची सात वर्षं

थापा मारण्यात आमच्या रेणापूर भागात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी विहीर सांगितली की ती वीस परस खोल. साप सांगितला की रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आयुष्यात एकदाच आकडा कमी करून सांगितला, आणि नेमका तोच पकडला गेला.

दुष्काळ पडला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकत होतो. खाणावळ परवडेना म्हणून गावी आलो आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलो. ट्रंकेत वाचनालयाचं चीनच्या इतिहासाचं पुस्तक तसंच राहिलं होतं. (अजून आहे. मागितलं तर देईन.) दुपारी भाकरीच्या सुट्टीत, एकुलत्या एका बाभळीखाली, जिची सावली मी आता पाचशे माणसांना पुरवतो, मी टोळीला चीन सांगायचो.

भिंत बांधणारा पहिला सम्राट सांगितला. त्यानं पुस्तकं जाळली, पंडित जिवंत गाडले म्हणतात, तेही सांगितलं. पंडितांचं कुणाला काही वाटलं नाही. भिंतीवरच्या मजुरांना पाणी कोण देत होतं, हे मात्र चौघींनी विचारलं. पुस्तकात ते नव्हतं. मी उंटांचे तांडे पाठवून दिले. मग चिन्यांचा थोर गुरू काढला. राजानं कसं वागावं ते शिकवत राज्याराज्यांत हिंडला, पण एकाही राजानं त्याला धड ठेवून घेतलं नाही.

"आपल्या मुकादमाकडं धाड त्याला," एक म्हातारा म्हणाला. "चार घण मारले की शिकवायचं इसरंल."

टोळीत एक आक्का होती. नवरा वारलेला, मुलगी सातवीत. टोळीतली निम्मी घरं हैदराबादकडे विटांच्या कामाला निघायच्या बेतात होती. आक्का गेली असती तर पोरीची शाळा तिथंच संपली असती. जावं की थांबावं, ती रोज तेच घोकत खडी फोडायची.

त्या दुपारी मी शांग घराण्याचा पहिला राजा सांगत होतो. त्याच्या राज्यात पाऊस थांबला. ज्योतिषी म्हणाले, माणूस बळी द्या. राजानं स्वतःचे केस कापले, नखं कापली, तुतीच्या राईत उभा राहिला आणि आभाळाला म्हणाला, चूक माझी असेल तर शिक्षा मला दे, रयतेला नको.

आक्काच्या घरी बुद्धाची तसबीर होती. तिनं विचारलं, "बुद्धाला मानत व्हता का त्यो?"

"न्हाई आक्का. बुद्ध जन्मायच्या हजार वर्सं आधीचा."

"मग त्याला कुणी शिकवलं, चूक माझी म्हणायचं?"

मी राजाला राईतच उभा ठेवून भाकरी मोडली.

"पाऊस पडला का मग?"

"पडला की! नद्या उलट्या व्हायल्या!"

"किती सालानं?"

पुस्तकात सात वर्षं होती. एरवी मी सतरा केली असती. आमचं दुसरं साल चालू होतं, आणि आक्का भाकरी खाली ठेवून माझ्याकडं बघून राहिली होती.

"दोन," मी म्हणालो.

ती निम्मी घरं गेली. आक्का थांबली. तो उन्हाळा मी तिच्यासमोर भाकरी खाल्ली नाही. पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला, माझ्या नशिबानं, आणि तरी मी तिला टाळतच राहिलो.

दहाएक वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या कलेक्टर कचेरीत दाखल्यासाठी गेलो, तर खिडकीपलीकडे आक्काची मुलगी कारकून. बाहेर बाकावर तिचा डबा घेऊन आक्का बसलेली.

"राजाची सात सालं व्हती म्हणं," ती म्हणाली. "पोरीनं कवाच वाचलं."

"तुला तवा कळलं व्हय?"

"मला त्याच दुपारी कळलं. विंचू सांगितलास तर कोंबड्याएवढा. तू कमी कधी सांगतूस का? दोन म्हणलास, तवाच वळखलं, खरी सालं लई हायत."

"मग थांबलीस कशाला?"

आक्कानं डब्याचं झाकण घट्ट केलं. "एवढा थापाड्या, माझ्यापायी लहान थाप मारतुया म्हणलं. तिकडं विटांवर माझं तोंड बघून कोण बोलणार व्हतं?"

आतून माझा नंबर पुकारला. मुलीनं अर्ज वाचला आणि वय विचारलं. मी खरं तेच सांगितलं.