सुजाताच्या वर्गातलं हसू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. सुजाताला तर नाहीच — आणि खरं तर तिलाच सांगायला हवं होतं, नाही का?

सुजाता आणि मी एकाच गावच्या, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या. आम्ही पोवार, घरची धानाची शेती. ती बौद्ध मोहल्ल्यातली. तिची आई आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोपं रोवण्याला यायची. आम्ही दोघी गोंदियाला सोबत शिकलो, एका खोलीत राहून इंग्रजीत एम.ए. केलं. मार्क नेहमी माझे जास्त. व्याकरण ती माझ्याकडून समजून घ्यायची आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग व्हिएतनाममधल्या एका शिकवणी केंद्राला इंग्रजीच्या शिक्षिका हव्यात, असं कळलं. जाहिरात मीच शोधली होती, तिला मीच सांगितलं होतं. दोघींनी मुलाखत दिली. तिला घेतलं. मला नाही.

मी तिला स्टेशनवर सोडायला गेले, मिठी मारली, डब्यात चिवडा भरून दिला. आतून मात्र — जळत होते. मी गोंदियातल्या एका खाजगी शाळेत सहावीला शिकवायचं आणि विमानात बसायचं हिनं? तिच्या आईच्या पायांना आमच्या बांधीचा चिखल लागलेला असायचा, हे तेव्हा माझ्या मनात आलं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीबद्दल असं कोणी मनात आणतं का? मी आणलं.

तिकडे सुरुवातीला तिचे हाल झाले. पालकांना गोरी शिक्षिका हवी होती. हिचे उच्चार भारतीय, हिच्याकडून पोरं काय शिकणार, अशी तक्रार गेली. केंद्राच्या बाईंनी तिला ताकीद दिली. संध्याकाळी ती मला फोन करायची आणि रडायची. आणि मी — कसं सांगू — मी त्या फोनची वाट बघायचे. ती रडली की मला जेवण गोड लागायचं.

एकदा तिनं आपल्या एका तासाचं रेकॉर्डिंग पाठवलं. “तू खरं सांगशील म्हणून पाठवून राहिली,” ती म्हणाली. “माझं शिकवणं खरंच बेकार आहे काय वो? तू म्हणशील तर मी वापस येऊन जातो.”

मी ते ऐकलं. विषय होता, तुम्हाला कशाची भीती वाटते. लान नावाची एक मुलगी उठली आणि अडली. तोंडातून शब्दच निघेना. सुजातानं तिला घाई केली नाही. थोडा वेळ थांबून तीच म्हणाली, मला बदकांची भीती वाटते. आणि बदक मागे लागल्यावर आपण कशा पळतो, ते तिनं वर्गात पळून दाखवलं असावं, कारण सगळी पोरं खदखदून हसली. त्या हसण्यातच लान बोलली. तुटकंमुटकं, पण आपल्या आजोबांच्या आजारपणाबद्दल सलग बोलली. वर्ग चूप होऊन ऐकत होता.

मला हे कधीच जमलं नसतं. माझ्या वर्गात पोरं घंटेकडे कान लावून बसतात. रेकॉर्डिंग संपायच्या आत मला कळलं होतं, की मुलाखत घेणाऱ्यांनी बरोबर निवड केली.

मी तिला फोन लावला. म्हणाले, “उच्चार नाही सुधरून राहिले तुझे. आणि ती पोरं हसली ना, ती तुझ्यावर हसली सुजाता. ये वापस.”

ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं, मी जाते आहे. तुम्ही माझ्यावर हसता, ते मला माहीत आहे. पोरं आधी गोंधळली. मग लान उभी राहिली आणि तिला इंग्रजीत म्हणाली, टीचर, आम्ही बदकावर हसलो. दुसऱ्या टीचर बोलतात तेव्हा मी नुसती मान हलवते. तुम्ही बोलता ते मला समजतं. मग बाकीची पोरं उठली. कुणी म्हणालं जाऊ नका, कुणी घरी जाऊन आईबापांशी भांडलं. सुजाता थांबली.

हे तिनंच मला दोन दिवसांनी फोनवर सांगितलं, हसत, नाक ओढत. आणि मग म्हणाली, “तुले ते रेकॉर्डिंग नीट ऐकू आलं नसन वो, म्हणून तसं वाटलं.”

बघा — तिनंच मला वाट काढून दिली. आणि मी म्हणाले, “हो ना, आवाज फाटून राहिला होता.”

आवाज मुळीच फाटत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्या लागायच्या आधी ती आली. माझ्या वर्गात येऊन तिनं मुलांना सांगितलं, तुमच्या मॅडम नसत्या तर मी परदेशी गेलेच नसते. माझी चूक मला तोंडावर सांगणारी ही एकच मैत्रीण आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्या वर्गात टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या. तास संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, मलेबी तुमच्यासारखं व्हायचं आहे.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुजाता बाजूलाच उभी होती, कौतुकानं बघत. तेव्हा बोलता आलं असतं ना? मी तिला म्हटलं, चल, चहा घेऊ.

आता तिला तिथली मुख्य शिक्षिका केलं आहे. गेल्या आठवड्यात तिनं फोनवर सांगितलं, बातमी पहिल्यांदा मलाच दिली. मी अभिनंदन म्हणाले. आणि ते म्हणतानाही, आत काही विझलेलं नव्हतं.