येतो म्हणजे काय

बसा असं टेकून. सोपान खिलाऱ्याची गोष्ट सांगतो, चहा निवायच्या आत संपते.

सोपाननं नातीनं आणलेली कादंबरी वाचायला घेतलेली. त्यात एक मराठी बाई परदेशात राहते, तिथल्या कोर्टात दुभाष्याचं काम करते. एक आरोपी भावाशी भांडून निघताना 'येतो बरं का' म्हणालेला. बाईनं जज्जाला सांगितलं, 'परत येईन, ध्यानात ठेव, असं म्हणाला.' झालं! जज्जाला वाटली धमकी.

"अगं बये, येतो म्हणजे जातो!" सोपान पुस्तकावरच खेकसला. भरदुपार, पोट भरलेलं. पुस्तक छातीवर आलं, डोळे जड झाले.

पंखा घरघरतोय. घरघर थांबते, तर तो कोर्टात उभा आहे. लाकडी कठडा, आणि कठड्याशेजारी त्याच्याच मोरीतलं पिंप. कठड्याच्या आत उभी अनुसया, गेल्या पावसाळ्यात वारलेली त्याची बायको. दवाखान्यात नेताना होतं तेच लुगडं.

जज्ज विचारतो, "ही बाई घरातून निघताना काय म्हणाली?"

"येते म्हणाली, साहेब."

"म्हणजे येणार की जाणार?"

सोपानला कळतं. येणार म्हटलं तर हिला इथंच थांबवतील. जाणार म्हटलं तर सोडतील.

"येणार," तो म्हणतो.

"लई शाणे!" अनुसया दातांवरनं मिश्रीचं बोट फिरवते. "त्या परक्या बाईवर खेकसता, आणि स्वतः काय सांगता? उभं राहून पाय भरून आलेत माझे."

"बस की मग खाली."

"बसू देत नाहीत हो इथं. खरं सांगा आता."

पिंपातलं पाणी आपोआप हलतं. सोपान घसा खाकरतो.

"जाणार, साहेब."

कठडा नाही. घरचा उंबरा आहे. ती पायात चपला सरकवते. "येते हं."

यावर 'ये' म्हणायचं असतं. त्याची जीभ उचलत नाही. ती पाठमोरी तशीच उभी.

"अहो, बोला की. त्याशिवाय पाय निघत नाही माझा."

"ये," सोपान म्हणतो, आणि स्वतःच्याच आवाजानं जागा होतो.

पुस्तक छातीवर उघडं. 'येतो' या शब्दावर बोटाचा काळा ठसा. त्यानं हुंगून बघितलं. मिश्री. अन् अनुसयेची मिश्रीची डबी तर त्यानं तिच्या राखेबरोबरच नदीत सोडलेली.

तर बाबांनो, उठताना 'येतो'च म्हणा. आणि मी 'या' म्हणेपर्यंत तेवढं दारात थांबा.