सुकतीच्या प्रोग्रामचा परवाना

केरीला आमच्या शेजारी एक काकी राहायची. खाडीला सुकती लागली, म्हणजे ओहोटीने पाणी उतरलं, की ती वाळूतून तिसऱ्यांचे शिंपले काढायची आणि पेडण्याच्या बाजारात नेऊन विकायची. पाणी कधी उतरणार हे ती तिथीवरून सांगे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट इतके तास, त्यातून आमच्या खाडीसाठी पाऊण तास उणा, की भरतीची वेळ मिळाली. पुढे सहा तासांनी सुकती.

मी तेव्हा डिचोलीला खाणीच्या हापिसात कॉम्प्युटरवर बसायचो आणि शनिवारी बसने घरी यायचो. आमचं वेगळं राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या घरात मराठी की कोंकणी हे भांडण जेवताना चालूच असे. त्यातून सुटका म्हणून मी खाडीची भरती-ओहोटी काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला. चंद्र, सूर्य, त्यांचे कोन, पानंच्या पानं गणित. एका पंचमीला यंत्राने सुकती नऊ वाजून चार मिनिटांनी दाखवली. काकीने चुलीपुढे बसून, बोटांवर मोजून, नऊ सांगितली. मी थक्क झालो. थोडा खट्टूही झालो, खोटं कशाला बोलू!

पुढे तर माझंच गणित आपटलं. वर घाटात पाऊस झाला की यंत्र चुकायचं, काकी चुकत नसे. आपल्याकडे लख्ख ऊन असलं तरी अशा दिवशी ओहोटी उशिरा लागते आणि लागली की जोराने ओढते, असं तिने सांगितलं. किती उशिरा, तेही सांगितलं. ते मी प्रोग्रामात घातलं आणि तो बरोबर चालू लागला.

तो इंटरनेटवर ठेवून सगळ्यांना द्यावा असं मनात आलं. तर म्हणे आधी परवाना निवडा. फुकट द्यायलाही परवाना लागतो, याचं मला हसू आलं. पण वाचत गेलो तसं ते हसू विरलं. एक परवाना म्हणत होता, घ्या, हवं ते करा, फक्त लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. दुसरा म्हणत होता, वापरा, बदला, विका. पण बदललेलं पुढे दिलंत तर ते कसं बदललं तेही उघडं करून द्या, आणि घेणाऱ्याला हेच हक्क द्या. ज्यांना आपण जन्मात भेटणार नाही अशा माणसांचा कुणीतरी इतका विचार करून ठेवला होता. देवळात गाऱ्हाणं घालताना गावाबाहेर गेलेल्यांचंही भलं मागतात, तेव्हा अंगावर काटा येतो. हापिसातल्या खुर्चीत मला तसा काटा आला.

तरी मन पुरतं धजेना. किनाऱ्यावर नवी हॉटेलं उठत होती. काकीचं ज्ञान उचलून ते लोक पैसा करणार, या विचाराने माझं डोकं तापलं. ते तसंही लवकर तापतं. मी पहिल्या परवान्याखाली स्वतःचं एक वाक्य जोडलं: धंद्यासाठी वापरू नये. मोठा राखणदार झाल्यासारखं वाटलं.

काकीची हरकत असेल तर काहीच बाहेर द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून रविवारी तिच्या ओसरीवर बसून तो परवाना माझ्या वाक्यासकट कागदावरून मराठीत वाचून दाखवला. ती तिसऱ्या धूत ऐकत होती. माझ्या वाक्यापाशी तिचे हात थांबले.

"मगे मी तिसऱ्यो विकूक नको?"

हॉटेलवाल्यांना अडवायला घातलेल्या कुंपणात मी पहिल्यांदा तिलाच अडवलं होतं. लाज वाटली. तिच्यासमोरच पेनने ते वाक्य खोडलं आणि विचारलं, लोकांनी हे घेतलं, विकलं, तर तुला चालेल का? घेऊ देत, विकू देत, ती म्हणाली. पण त्यात काही नवं कळलं तर ते लपवून ठेवायचं नाही.

दुसऱ्या परवान्यात नेमकं तेच लिहिलं होतं. ज्या अटीसाठी वकिलांना पानंच्या पानं लागली, ती या बाईने तिसऱ्या धुता धुता सांगितली होती. इतकं ठाम कसं सांगतेस, असं मी विचारलं.

तिने टोपली बाजूला सारली. घाटातल्या पावसानंतर ओहोटीला येणारी ओढ पूर्वी गावात एकाच घराला ठाऊक होती, असं ती म्हणाली. अशा दिवशी चांगल्या तिसऱ्यांची जागा आपल्यालाच राहावी म्हणून त्या घराने ही ओढ आणि तिची वेळ कुणाला सांगितली नाही. काकीची थोरली बहीण तेव्हा सोळा वर्षांची होती. ऊन बघून ती खाडीत उतरली, आणि पाण्याने तिला ओढून नेलं. पुढे ही ओढ काकी स्वतःच बघून बघून शिकली.

मी कागद घडी करू लागलो तेव्हा तिने विचारलं, "आता पलतडच्या चेडवांक बी कळतला मां?"

पलीकडच्या काठावरच्या मुलींनाही कळेल, मी म्हणालो. सोमवारी हापिसात पोचल्या पोचल्या मी तो दुसरा परवाना लावला.