सामन्याआधीचं भरीत

आज देवपूरला शेजाऱ्यांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, आणि त्या वासानं मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जाऊन पोचलो. २०११ साली आशियाई फुटबॉल स्पर्धेत भारताचा पहिला सामना होता, तोही तगड्या संघाशी. कॉलनीतले आमच्या शेजारचे आबा एकेकाळी रेल्वेच्या संघाचे गोलकीपर. कॉलनीत भरीत पार्टी व्हायची ती जिंकल्यावर. त्या दिवशी आबांनी सामन्याआधीच जाळ केला.

"आबा, आधीच?"

"दोनच गोल खाऊन भागलं तरी नशीब समजा," वांगं उलटत ते म्हणाले. "नंतर कोणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आताच जेवून घ्या."

मला त्यांचा राग आला होता. आपण चार गोल खाल्ले.

आता आबा नाहीत. यंदा तर संघ स्पर्धेला पात्रच ठरला नाही. भरीत आधी करायचं की नंतर, हे विचारायलाही काही उरलं नाही.