आमच्या घराचा गुरुवार

प्रिय मैत्रेयी आणि आर्यन,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मैत्रेयीने विचारलं, "आजी, तू तर इंग्लिशची टीचर होतीस. मग आम्हालाच मराठी वाचायला का लावतेस? तूच वाच ना." त्याचंच उत्तर लिहिते आहे.

मी रेणापूरहून नांदेडला कॉलेजसाठी निघाले तेव्हा आषाढ होता. एसटीजवळ आई रडली नाही, चिडलेली होती. "आता गुरुवारी कोण वाचील?" एवढंच म्हणाली.

आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचत. सात घरांना एकेक वार; गुरुवार आमचा. आई, माझे वडील म्हणजे नाना आणि थोरला भाऊ तिघंही मजुरीला जाणारे, वाचता येणारी मी एकटी. चौथीपासून मीच वाचायचे. कंटाळा आला की पानं गाळायचे, आणि परतताना आई हटकायची, "दोन पानं गिळलीस व्हय गं? भिक्खू झाडाखाली बसला व्हता, तो उठला कवा?"

वाचणारं माणूस नसलं की त्या घराचा वार दुसऱ्याला जायचा. मी गेल्यावर शेजारच्या सरूकाकूंनी तो मागितलाच. "आमची सून सातवी पास हाय."

"माझी पोरगी गेली, मी हाय की अजून," आई म्हणाली. "आन् किती वाचायचं ते कुठं ठरलंय?"

मग तिने त्याच सुनेला गाठलं. खुरपणीच्या दुपारी बांधावर बसून सुरुवातीला आठवड्याला एकच ओळ शिकायची. गुरुवारी तेवढीच वाचायची आणि ग्रंथ सुनेच्या हाती द्यायची.

हे मला ठाऊकच नव्हतं. नांदेडच्या हॉस्टेलवर मी डिक्शनरी उघडून इंग्रजीशी झगडत होते. आश्विनात सुट्टीला आले आणि विहारात मागे बसले. आई ओळीखाली बोट धरून वाचत होती. तोवर ती एका गुरुवारी चार ओळींपर्यंत पोचली होती. एकेका अक्षराला थांबत होती.

"आगं, उजाडंल की आता!" सरूकाकू म्हणाल्या. सगळे हसले.

"गप बसा सरूबाई. अजून एक ओळ हाय."

मला हसू आलं नाही. इतकी वर्षं मी तिला वाचून दाखवलं. ग्रंथ तिच्या हातात द्यावा, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. पुढे लातूरच्या शाळेत मी जन्मभर परक्या मुलींना शिकवलं. आईला शिकवलं ते सरूकाकूंच्या सुनेने. मैत्रेयी, म्हणून मी तुम्हाला वाचून दाखवत नाही.

आता आई नाही, नाना नाहीत. आमच्या दोन खोल्यांच्या जागी पुतण्याने स्लॅबचं घर बांधलं आहे; तिथे गेले की मी पाहुणी असते. विहारात माइक आला, ग्रंथाची प्रतही नवी आहे. आईनंतर माझी वहिनी वाचू लागली, हल्ली पुतण्याची बायको वाचते.

गुरुवार अजून आमच्याच घराचा आहे.

तुमची आजी